कागदावर सात, लोखंडावर एक

३ मार्च, सोमवार. लातूर

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. वही फक्त माझ्यासाठी. शर्टांच्या घडीखाली ठेवणार. शर्ट चारच आहेत, त्यामुळे घडी जरा फुगवून घालावी लागेल.

सद्यस्थिती. वय सव्वीस. बारावीचे दोन विषय राहिले आहेत, ते देणार आहे. आरटीओच्या कंपाउंडला लागून राजशेखर मामांचं टेबल आणि छत्री. मामा एजंट. गाडी नावावर करायची असो की पासिंग, फॉर्मवर चासी नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. म्हणजे चासीवर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उतरतो. हे काम माझ्याकडे. सात वर्षं ट्रकखाली पाठीवर झोपून मी नंबर उतरवतो आहे. माझी एकही प्रिंट आजवर परत आलेली नाही. फॉर्ममधल्या नावात चूक तर नाहीच नाही.

बाहेर कोणाला माहीत नाही, पण गेले आठ महिने मी जुन्या रेसिंग मोटरसायकलींच्या नंबरांचा अभ्यास करतो आहे. वेगळी वही आहे, तिच्यात २१४ नंबर. कोणतं अक्षर म्हणजे कोणतं साल, कोणत्या कारखान्याचा तीनचा आकडा वरून सपाट असतो, कोणाचा गोल, सगळं. फेसबुकच्या ग्रुपवर एका फोटोतला नंबर मी बरोबर उलगडला. तेव्हा पुण्याचे प्रधान साहेब, ज्यांचं अशा गाड्यांचं स्वतःचं संग्रहालय आहे, त्यांनी खाली लिहिलं, "व्वा. इतकं बारकाईनं बघणारी माणसं हवीत." हवीत. ही सरळ सरळ नोकरीची ऑफर आहे. फक्त रुजू व्हायची तारीख घातलेली नाही.

तारीख लवकर पडली पाहिजे. घरात लग्नाचं चालू झालं आहे. मामांची अक्षरा. आमच्यात मामाची मुलगी भाच्याला देतात, त्यामुळे मला वेगळं कोणी विचारणार नाही आणि विचारलेलंही नाही. अक्षराबद्दल तक्रार नाही. बी.कॉम. आहे, शांत आहे. पण लग्न झालं की टेबल कायमचं. मामा छत्री माझ्या हातात देतील आणि मी म्हातारा होईपर्यंत ट्रकखाली.

संकल्प: शुक्रवारपर्यंत मामांना स्पष्ट सांगायचं. वाक्य तयार आहे. "मामा, हे लग्न मला करता येणार नाही."

७ मार्च, शुक्रवार

सांगितलं नाही. मामांना ॲसिडिटी होती.

दानम्मा मामी म्हणाल्या, रविवारी पाहुणे हायत, खुर्च्या मांडायला घरी राहा. मी म्हणालो, रविवारी काम आहे. मामी म्हणाल्या, तुला कामून काम आलं बाबा, आरटीओला सुट्टी न्हाई का? अक्षरा भाकरी थापत होती. एक थाप जरा जोरात मारली. बहुतेक मनात बोलली.

पण काम आहे, आणि आयुष्यातलं सर्वांत मोठं आहे. देगलूरचा एक ट्रक ड्रायव्हर टेबलापाशी बसल्या बसल्या सांगत होता. त्यांच्या गल्लीत मलप्पा म्हणून म्हातारा मिस्त्री. त्याच्या गोठ्यात कडब्याखाली एक इंग्रजी फटफटी. म्हातारा म्हणतो, रेसची हाय, म्या हैदराबादेत पळवलेली. गाव पन्नास वर्षं हसून राहिलंय. ड्रायव्हरनं मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोत मुख्यतः म्हैस. मागे टाकीवर सहा इंग्रजी अक्षरांपैकी चार दिसत होती. हार्लो कंपनी. मी चहा तसाच ठेवला.

९ मार्च, रविवार. देगलूर बस स्टँड. दुपारी ३.२०

पाहिली.

मलप्पा वय ब्याऐंशी. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बनियन. मला तम्मा म्हणतात. त्यांच्याकडे धाकट्याला तसं म्हणतात. विचारलं, आरटीओचा का तू? मी म्हणालो, संशोधक. ते म्हणाले, म्हंजी आरटीओचाच.

इंजिनवर नंबर आहे. के ३५ आर २४१७. के म्हणजे साल. पस्तीस म्हणजे साडेतीनशे सीसी. आर म्हणजे रेसिंग, रस्त्यावरची नव्हे, कारखान्यानं फक्त शर्यतीसाठी काढलेली. शेवटचे चार आकडे गाडीचा अनुक्रमांक. दुसरा नंबर फ्रेमवर असतो, हँडलच्या खाली मानेवर. तो आज उतरवता आला नाही, कारण म्हैस तिथून हलेना. मी तिला विनंती केली. मलप्पा म्हणाले, तिला मराठी कळत न्हाई, तेलंगणातून आणलीय.

मग ते बोलतच राहिले. त्यांचा हैदराबादचा साहेब, जुन्या विमानतळावरची शर्यत. शर्यतीच्या आदल्या दिशी इंजिन फुटलं, साहेबानं विलायतेहून पेटीत दुसरं आणून ठेवलं होतं, त्ये म्या एकट्यानं बसवलं, सकाळी पहिला नंबर. साहेब देश सोडताना म्हणला, मलप्पा, गाडी तुझी. मी हे टिपून घेतलं नाही. म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर शास्त्र चालत नाही.

ते एवढंच म्हणाले की पुण्याच्या साहेबानं एकदा कागदावर लिहून द्यावं, ही तीच गाडी. मग आपण मेलं तरी चालतंय.

इंजिनची प्रिंट प्रधान साहेबांना पाठवली. चार मिनिटांत उत्तर. "कुठे आहे ही? फ्रेमचा नंबर पाठवा. आणि कृपया कशालाही हात लावू नका. धूळसुद्धा पुसू नका."

रात्री ९.

घरी आलो तर पाहुणे जाऊन दोन तास झाले होते. उदगीरची माणसं. मामी रागावलेल्या. म्हणाल्या, भाचा कुठंय म्हणून विचारून राहिले होते, म्या काय सांगू, फटफटी बघायला गेलाय? म्हणजे लांबचे नातेवाईक मुलगा बघायला आले होते आणि मुलगा देगलूरला. एका अर्थी बरं झालं. अक्षरा साडीत होती. तिनं विचारलं, होती का रे गाडी? मी म्हणालो, होती. ती म्हणाली, चिवडा ठेवलाय.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

मामांना आज सांगणार होतो. ते रंगात होते, ओळखूच आले नाहीत.

दुपारी देगलूर. पोरांनी स्टँडवरच निळा केला. म्हैस धुवायला नेली होती. मान मोकळी. प्रिंट घेतली.

के ३५ आर २४११.

अकरा. सतरा नाही. पुन्हा घेतली. अकरा. तिसऱ्यांदा पेन्सिल बदलून घेतली. अकरा.

संपलं सगळं. कोणत्याही पुस्तकात पहिलं वाक्य हेच असतं: इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळला पाहिजे. न जुळणारी गाडी म्हणजे दोन गाड्यांची भेळ. प्रधान साहेब एक ओळ लिहितील, "सॉरी", आणि मी परत छत्रीखाली.

तिन्ही प्रिंट फाडल्या आणि घरी येऊन बंबात घातल्या. मामांचा नियमच आहे, चुकीची प्रिंट मागे ठेवायची नाही, नडते.

१८ मार्च, मंगळवार

प्रधान साहेबांचा मेसेज. "फ्रेम?" मी उत्तर दिलं, "काम प्रगतिपथावर." पुन्हा मेसेज. "म्हणजे?" मी उत्तर दिलं, "लवकरच."

सहा ट्रक. एकाच्या डिफरन्शियलमधून ऑइल थेंब थेंब डाव्या कानात.

संध्याकाळी मामांनी कापडाच्या दुकानात नेलं. शर्ट-पँटचं कापड माझ्यासाठी. मला घाम फुटला. मामा दुकानदाराला म्हणाले, कॉटनचंच दाखव, लग्नात ह्याला सकाळपासून उभं राहायचंय. मग मला म्हणाले, तुला रंग कुठला पायजे? इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं. मी म्हणालो, राखाडी. सांगायची संधी होती. पण तोपर्यंत दुकानदारानं कापलं होतं.

२३ मार्च, रविवार. नांदेड

मलप्पांच्या गाडीचं जुनं रजिस्ट्रेशन पुस्तक त्यांच्या मुलीकडे असतं, शरणम्मा, राहणार नांदेड. आज मामींनी मंगल कार्यालय बघायला चल म्हटलं होतं. मी सांगितलं, दाढ दुखते. मामी म्हणाल्या, लातूरला डॉक्टर मेलेत का? मी म्हणालो, नांदेडला स्पेशालिस्ट आहे.

शरणम्मांनी दारातच विचारलं, बाबा अजून त्येच सांगत बसतेत का, इंजिन म्या बदललं, म्या पहिला आलो? म्हणाल्या, लहानपणी शाळेत पोरं मला फटफटी म्हणून चिडवायची. मग कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढून दिली. चहाही दिला.

पुस्तकाची पानं पापडासारखी. जुन्या काळच्या कुठल्यातरी कारकुनाचं सुंदर वळणदार अक्षर. इंजिन नंबर: के ३५ आर २४१७. त्याखाली चासी नंबरच्या रकान्यात वरच्याप्रमाणेच, अशा अर्थाच्या दोन बारीक रेघा.

दोन रेघा. मी तिथेच खुर्चीत मागे टेकलो. सरकारी पुस्तकात दोन्ही नंबर एकच आहेत. मामांचा पहिला धडा, मी एकोणीस वर्षांचा असताना दिलेला: विरू, कागदावर जे हाय ते खरं. लोखंड गंजतं, झिजतं, खोटं बोलतं. कागद आणि लोखंड जुळलं न्हाई तर चूक लोखंडाची.

म्हणजे विलायतेतला नंबर ठोकणारा शेवटच्या सातची आडवी रेघ मारायला विसरला. जेवणाची सुट्टी झाली असेल. समजू शकतो, ट्रकखाली मलाही भूक लागते.

गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो. तीन पोळ्या. फार दिवसांनी भूक लागली.

३० मार्च, रविवार. पाडवा

मलप्पांकडे जायचं होतं, पण मामींनी गुढीला बांबू धरायला उभं केलं. म्हणाल्या, तुझ्याशिवाय हे लग्न पार पडायचं न्हाई, ध्यानात ठेव. अक्षय तृतीयेची तारीख धरलीय. गळ्यात काहीतरी आवळल्यासारखं झालं. नंतर कळलं, शर्टाचं वरचं बटण.

अक्षरा गच्चीवर कुरडया वाळत घालत होती. तिनं विचारलं, विरू, पुण्यात पाण्याचं कसं असतं रे? रोज येतं का? मी सावध झालो. माझं पुण्याचं कोणालाही सांगितलेलं नाही. मी म्हणालो, एरियावर अवलंबून. ती म्हणाली, वाकडला? मी म्हणालो, वाकडला टँकर. ती बराच वेळ टाकीकडे बघत राहिली.

तिनं ओळखलं आहे. आणि तिला सोबत यायचं आहे. गुंता वाढला.

गंजगोलाईच्या बाजारातून लोखंडावर आकडे ठोकायचा पंचचा सेट घेतला आणि एक पातळ छिन्नी. जुन्या सायलेन्सरवर सरावाला सातचा आकडा ऐंशी वेळा काढला. शेवटचे वीस उत्तम.

६ एप्रिल, रविवार. देगलूर. दुपारी २.२५

मलप्पा जेवून आडवे झाले होते. म्हैस बसलेली. मी प्रधान साहेबांची सूचना पाळली, धूळ पुसली नाही. फक्त एका आकड्यापुरती बाजूला केली.

एक ठोका. हलका. मग अर्धा.

मी काहीही बदललेलं नाही. राहिलेलं पूर्ण केलं आहे. वर चुलीची काजळी चोळली, म्हणजे रेघ इतर रेघांच्या वयाची दिसते. आवाजानं मलप्पा उठले. काय ठोकून राहिला तम्मा? मी म्हणालो, खिळा वर आला होता. ते म्हणाले, गाडीला खिळा? मग म्हणाले, असंल, आणि कुशीवर वळले.

प्रिंट पाठवली. २४१७. स्वच्छ.

रात्री ८. तीन तासांनी उत्तर आलं. "दोन्ही २४१७?" मी लिहिलं, "होय सर, अगदी शंभर टक्के." बऱ्याच वेळानं, "बरं. तेराला हैदराबादला निघालोय, वाटेत देगलूरला थांबेन थोडा वेळ."

बरं, एवढंच. आनंदानं शब्द सुचत नसतील. मोठ्या माणसांचं असंच असतं.

१० एप्रिल, गुरुवार

बॅग भरली. शर्ट चार, राखाडी शिवून आला की पाच. नंबरांची वही वर.

मामांना राजीनामा लिहिला. "आदरणीय मामा, वैयक्तिक कारणास्तव मी आपल्या टेबलावरून मुक्त होऊ इच्छितो." दोनदा फेअर केला. मामा छत्रीची काडी शिवत होते. शिवताना तोंडात दोरा होता. दोरा तोंडात असलेल्या माणसाला राजीनामा देत नाहीत. तेराला रात्री देणार. पक्कं.

अक्षराचं काय करायचं, हे ठरलेलं नाही. कदाचित सहा महिन्यांनी पुण्याला बोलावून घेईन. तिला टँकरची कल्पना दिलेलीच आहे.

१३ एप्रिल, रविवार. देगलूर

जसं झालं तसं लिहितो.

प्रधान साहेब साडेदहाला आले. साधे आहेत. चप्पल बाहेर काढून गोठ्यात शिरत होते, शेवटी मलप्पांनीच नको म्हटलं. मलप्पांनी आज धुतलेलं धोतर, टोपी. शेजारची पाच-सहा माणसं भिंतीवरून बघत होती, त्यातला एक म्हणाला, मलप्पा काका, पुण्याचा साहेब आला, आता फटफटीला नवरदेव मिळाला म्हणायचा. मलप्पा म्हणाले, हसा रे हसा, आजच्याच दिवस हसा.

साहेबांनी इंजिन पाहिलं, मान हलवली. मग खिशातून भिंग आणि छोटी बॅटरी काढून फ्रेमच्या मानेवर वाकले. बराच वेळ. मग बोटाला थुंकी लावून काजळी पुसली. सातची रेघ चांदीसारखी चमकली. मला वाटलं, किती सुंदर आली आहे.

त्यांनी विचारलं, ही कोणी मारली?

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. पुस्तकातल्या दोन रेघा, कागद आणि लोखंड, कारखान्यातल्या माणसाची चूक. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मला वाटलं, ऐकून घेत आहेत, म्हणजे पटतंय. शेवटी मी म्हणालो, सर, आता दोन्ही जुळतात.

ते म्हणाले, तेच तर. ते जुळायला नको होते.

मग बॅगेतून एक झेरॉक्स काढली. हार्लो कारखान्याच्या पाठवणी रजिस्टरची. त्यात एक ओळ: फ्रेम २४११, त्याच नंबरच्या इंजिनासह, हैदराबाद. आणि खाली तीन महिन्यांनी दुसरी ओळ: सुटं इंजिन २४१७, पेटीत, हैदराबाद, तोच पत्ता. ते म्हणाले, सोळा वर्षं मी हिलाच शोधतोय. अकराच्या फ्रेममध्ये सतराचं इंजिन, जगात अशी एकच. तुम्ही इंजिनची प्रिंट पाठवलीत तेव्हा मला झोप आली नाही. मग फ्रेमही सतरा म्हणालात, तेव्हा वाटलं, कोणीतरी जुळवून केलेली दिसते. वाटेत होतं म्हणून आलो.

मी विचारलं, मग आता?

ते म्हणाले, आता नंबरला हात लागलेली गाडी मी घेऊ शकत नाही. कोणीच घेणार नाही. उद्या कोणी विचारलं तर हा आकडा आधी काय होता, हे मी कशावरून दाखवू? आधीची प्रिंट आहे का तुमच्याकडे?

मी म्हणालो, मी चुकीच्या प्रिंट ठेवत नाही.

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. भिंतीवरची डोकी एकेक करून खाली गेली.

मलप्पा म्हणाले, म्या पहिल्याच दिशी सांगितलं होतं की, तम्मा. इंजिन म्या बदललं म्हणून. तुज्या वहीत लिवलं न्हाईस का?

नव्हतं लिहिलं.

प्रधान साहेब मग दोन तास मलप्पांजवळ खाटेवर बसले. मोबाइलवर त्यांचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं, कुठला बोल्ट उलट्या आट्याचा होता इथपर्यंत. लिहून मात्र काही दिलं नाही. मलप्पांनी मागितलं. साहेब म्हणाले, काका, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण कागदावर मला फक्त जे दिसतं तेच लिहिता येतं, आणि दिसतो सात. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, बारकाईनं बघता तुम्ही. वाक्य तिथेच थांबलं. मी पुढच्या भागाची वाट बघत त्यांच्या मोटारीपर्यंत गेलो. काच वर गेली.

परत आलो तर मलप्पा गाडीवर पोतं टाकत होते. म्हणाले, त्या बाजूनं धर. धरलं. वर कडबा रचला. म्हणाले, बस कितीची हाय तुझी? पाण्याचा तांब्या दिला. रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल, सोमवार

मामांना कळलं. देगलूरच्या ड्रायव्हरनं फोन केला. मामा ओरडले नाहीत, दार लावून हळू आवाजात बोलले, ते जास्त वाईट.

म्हणाले, आरटीओच्या भिंतीला पाठ लावून आपण पोट भरतो आणि तू नंबर खोडून राहिला? मी म्हणालो, खोडला नाही, पूर्ण केला. आणि तुम्हीच शिकवलंय, कागद खरा. मामा म्हणाले, अरे कागद आपल्यासाठी खरा. आपल्याला गाडी न्हाई, कागद पुढं सरकवायचा असतो. आपलं काम नंबर उतरवायचं हाय विरू, चढवायचं न्हाई.

पंचचा सेट घेतला आणि कुलपात ठेवला.

राजीनामा बॅगेतच आहे. सध्याचं वातावरण राजीनाम्याला योग्य नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आठ ट्रक, दोन टेम्पो. ट्रकखाली विचार करायला शांतता मिळते, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.

निष्कर्ष असा. पुणे हा माणसाच्या आयुष्याचा एकमेव मार्ग नाही. मी इतके दिवस स्वतःचाच विचार केला. मामांनी सात वर्षं जेवू घातलं. अक्षरा महिनाभर माझ्या निर्णयाकडे डोळे लावून बसली आहे आणि एका शब्दानं बोललेली नाही. काल मी जेवलो नाही, तर तिनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, असू दे रे, झालं ते झालं, मलप्पा काकांना एकदा भेटून ये. इतकं समजूतदार माणूस मी नाकारायला निघालो होतो. तेही दीड महिना. तयार वाक्यासकट.

मी लग्नाला होकार द्यायचा ठरवला आहे. मोकळ्या मनानं, कोणाच्या दबावाखाली नाही. छत्री घेईन. बारावीचे विषय संसारात राहूनही देता येतात. तिला पुणं बघायचं असेल तर चार दिवस फिरवून आणीन.

मन हलकं झालं. राखाडी कापड शिवून आलं आहे. घालून पाहिलं. नवरदेवाला जरा साधं वाटतं, पण मीच निवडलं होतं.

संकल्प: शुक्रवारी सुट्टी आहे. आधी अक्षराला सांगायचं, मग मामांना. वाक्य: "मी तयार आहे."

१८ एप्रिल, शुक्रवार. दुपारी १२.१०

सकाळी अंघोळ करून, भस्म लावून, राखाडी शर्ट घालून खाली आलो. अक्षरा फोनवर होती, अंगणात, पाठमोरी. हसत होती. थांबलो. ती दहा मिनिटं हसत होती. माझ्याशी ती इतकं कधी बोललेली नाही, पण घरातल्या घरात एवढं बोलायचं असतंच काय.

तेवढ्यात मामा आले. हातात कागद. म्हणाले, बरं झालं उठलास. तुझं शुद्धलेखन चांगलं. ही पत्रिका एकदा बारकाईनं बघ, प्रेसवाला खोळंबलाय. पाहुण्यांची नावं हायत, चुकून चालायचं न्हाई, उदगीरची माणसं लई काटेकोर.

पायरीवर बसून बघितली.

चि. सौ. कां. अक्षरा. बरोबर.

चि. शिवांश, बी.ई., मूळ उदगीर, हल्ली मुक्काम वाकड, पुणे.

पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर. शि ऱ्हस्व, बरोबर. वा वर अनुस्वार, बरोबर. श शहामृगाचा, बरोबर. तारीख, वार, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. सगळ्यात खाली बारीक अक्षरात व्यवस्थापक म्हणून तीन नावं. तिसरं माझं. विरूपाक्ष, रू दीर्घ. लोक हमखास चुकवतात, इथे चुकवलेला नाही.

मामांनी विचारलं, काय हाय का दुरुस्ती? मी म्हणालो, बघतो अजून एकदा. मामा म्हणाले, बघ, बघ. तू शोधलीस तर सापडंलच.

तीनदा बघितली. पत्रिकेत एकही चूक नाही.

छापायला हरकत नाही, असं प्रेसवाल्याला फोन करून कळवलं.